इंदूरमध्ये सगळ्यांबरोबर गायला-वाजवायला बसणाऱ्या लहान मुलांना कोणत्या सोप्या लोकधुना शिकवाव्यात?

तुमची आठ वर्षांची मुलगी नुकती पेटी शिकतेय, कॉलनीत रविवारी लहानमोठे मिळून गातात-वाजवतात, तिथं नेण्याआधी कोणत्या धुना बसवून घ्याव्यात असं तुम्ही विचारलंय. शिवाय तिचे सर म्हणतात तसं आधी वर्षभर अलंकारच (सुरांचे ठरावीक क्रमाचे पलटे) करायला हवेत का, असंही. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर मी इथल्या बऱ्याच पेटीवाल्यांशी भांडत आलोय. नको. येत्या रविवारी न्या.

आता धुना. इंदूरच्या मराठी घरांना एक सोय आहे ती पुण्याला नाही. श्राद्धपक्षात भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे शेणाने काढलेली चित्रं, मांडून शेजारच्या माळवी मुली गातात, आणि अमावास्येला संजा उठली की दुसऱ्या दिवसापासून आपला भोंडला. लागोपाठ महिनाभर लहान मुलींचीच गाणी, चार-पाच सुरांत संपणारी. संजातलं ‘छोटी-सी गाड़ी’ घ्या, भोंडल्यातलं ‘एक लिंबू झेलू बाई’, ‘अक्कण माती चिक्कण माती’ आणि ‘श्रीकांता कमलाकांता’. सुरुवातीला एवढी चार पुरतात. लिंबाच्या गाण्यात आकडा बदलतो, चाल तीच राहते. अक्कण मातीत आधीच्या ओळीतली वस्तू पुढच्या ओळीला धरून आणते, त्यामुळे पाठांतराला कष्ट नाहीत. श्रीकांतातल्या वेड्याच्या गमतीला मुलं हसतात आणि पुढचं कडवं आपणहून मागतात. ‘ऐलमा पैलमा’ने भोंडला सुरू होतो म्हणून शिकवायलाही तिथूनच घेतात, ते करू नका. ओळी लांब-आखूड आहेत आणि शब्द मोठ्यांनाही सलग आठवत नाहीत. कोळीगीतं म्हणून जे वाजवतात त्यातलं बरंचसं संगीतकारांनी बांधलेलं आहे, आवाजाचा पल्ला मोठा लागतो, तीही पुढे. पोवाडा तर मुळीच नको, तो एकट्याचा प्रांत.

पण धून निवडून काम होत नाही, आणि इथंच सगळीकडे घोळ होतो. घोळ पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरला त्याचा. रामबाग असो की लोकमान्य नगर, बायकांच्या भजनी मंडळाची पेटी बहुतेकदा काळी चार नाहीतर काळी पाचला लागलेली असते, म्हणजे सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्या पट्टीत मुलांनी खालून गायलं तर आवाज घशात अडकतो, वरून गायलं तर पंचमाला किंचाळतात. मग दोन ओळींनंतर मुलं नुसते ओठ हलवतात आणि कुणीतरी शहाणं माणूस म्हणतं, ‘हिला सूर नाही हो.’ सूर आहे, पट्टी चुकलीय. सात-आठ वर्षांच्या मुलांना षड्ज, म्हणजे सा, पांढरी एक ते पांढरी तीनच्या दरम्यान द्या. चाल सा ते ध एवढीच असेल तर पांढरी दोनला मुलंही गातात, बायकाही त्यांच्याच सुरात गातात, पुरुष एक सप्तक खाली. कुणाचं काही बिघडत नाही. चाल सा च्या खाली, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत उतरत असेल तर पांढरी चार करा. मंडळातली मोठी माणसं ‘आमची सवय मोडते’ म्हणतील. म्हणू द्या, दहा मिनिटांत मोडते.

पेटी वाजवणाऱ्या मुलीला मात्र पांढरी एक सगळ्यात सोपी, शुद्ध सुरांची धून पांढऱ्या पट्ट्यांवरच बसते. पांढरी दोनला नेलं की शुद्ध गंधार (ग) काळी तीनवर जातो. तेवढं एक बोट तिला आधी दाखवून ठेवा. चालीत कोमल गंधार असेल तर तो पांढरी चारवर. कॅसिओ कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) दोनने वाढवून पांढरी एकचीच बोटं ठेवता येतात. फक्त उठताना ते शून्यावर आणलं का ते बघा, नाहीतर पुढच्या रविवारी सगळा गट बेसूर लागतो आणि बोलणी त्या पोरीला बसतात. पेटी मोठ्या मापाची असेल तर मुलीचा डावा हात भात्यापर्यंत धड पोचत नाही, तिला उशीवर बसवा किंवा भाता दुसऱ्या मुलाला द्या. भाता तालावर हाणायचा नसतो, सुराला झटके बसतात. बासरीवाला मुलगा दुसऱ्या पट्टीची बासरी घेऊन आला तर त्या दिवशी त्याच्या हातात टाळ.

नोटेशन मी मुद्दाम देत नाही. या गाण्यांच्या चाली घरागणिक बदलतात, आणि इंटरनेटवरची चाल तुमच्या कॉलनीतल्या आजींच्या चालीशी जुळली नाही की मूल गोंधळतं. आजींनाच गायला सांगा, मोबाइलवर घ्या, शेवटी चाल कुठं टेकते ते पेटीवर शोधा. बहुतेक वेळा तोच सा. मग हरकती, मींड (सूर फिरवणं, घसरवणं) काढून टाका, एका अक्षराला एक सूर ठेवा. झोल, म्हणजे लयीतला झोका, मात्र काढू नका. दादरा तालाच्या अंगाच्या ओळीत अक्षरं लांब-आखूड, लांब-आखूड अशी पडतात. ती सारख्या लांबीची केली की गाणं पाढे म्हटल्यासारखं होतं. शिकवणाऱ्यांची ही नेहमीची खोड आहे.

गटात बसवताना सगळ्यांना सगळी चाल देऊ नका. अगदी नवख्या मुलाने सा आणि प एकत्र दाबून धरायचे, पांढरी एकच्या पट्टीत म्हणजे पांढरी एक आणि पांढरी पाच. दुसऱ्याने फक्त ओळीचा शेवटचा तुकडा वाजवायचा, जो दर वेळी तसाच परत येतो. ज्याला येते त्याने पूर्ण ओळ. तुमची मुलगी पहिल्या रविवारी सा-प धरेल, महिन्याभरात शेवटच्या तुकड्यावर येईल. ओळ आधी एकाने म्हणायची, मग सगळ्यांनी. सुरुवातीला एक आवर्तन मोठ्याने मोजा, केरव्याला आठ, दादऱ्याला सहा. टाळ दहा मुलांमागे दोनच, बाकीच्यांनी टाळ्या. केरव्याला पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, दादऱ्याला पहिल्या आणि चौथ्या. टाळ जास्त झाले की लय पळते, आणि पळालेली लय पेटीवरच्या लहान बोटांना गाठता येत नाही. मिनिटाला सत्तर-ऐंशी मात्रांपासून सुरू करा.

आता सरांचं. ‘ही काय बायकांची गाणी, यात संगीत कुठंय?’ हे वाक्य मी पेटीवाल्यांकडून इतकं ऐकलंय की सर हेच म्हणत असतील असं धरून चाललोय. म्हणत नसतील तर माफ करा. इथून तासाभरावर देवासला गायक कुमार गंधर्व 1948 पासून राहिले. माळव्याच्या लोकधुना ऐकून, लिहून घेऊन त्यांनी त्यातून मालवती, लगनगंधारसारखे राग उभे केले, त्यांना ‘धुन उगम राग’ म्हटलं. राग धुनेतून येतो असं ज्या माणसाने गाऊन दाखवलं, त्याच्या शेजारगावात मुलांना वर्षभर धून वाजवू द्यायची नाही, याला काय म्हणावं?

अर्थात कुमारजींनी हे लहान मुलांच्या शिकवणीसाठी केलं नव्हतं, आणि अलंकार निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवायचं असेल तर ते लागणारच. त्या आठवड्याच्या धुनेत जे सूर आहेत त्यांचाच अलंकार रोज पाच मिनिटं घ्या: सारेग, रेगम, गमप. बोटं तयार होतात आणि सरही गप्प बसतात. नाही बसले तर पेटीचे दुसरे सर बघा, इंदुरात तोटा नाही.