इटलीत इतिहास, निसर्ग आणि खाणं तिन्ही मिळेल असा समुद्रकिनारा कोणता? अमाल्फी की चिंक्वे तेर्रे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये बारा दिवस आहेत, सोबत शाकाहारी आईवडील आहेत आणि "युद्धस्मारकांसारख्या कंटाळवाण्या जागा नकोत". हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

आधी सरळ उत्तर. अमाल्फी नको आणि चिंक्वे तेर्रेही नको. दोन्ही देखणे आहेत, पण जूनच्या गर्दीत वयस्कर माणसांना तिथल्या पायऱ्या चढायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. रोमहून बस पकडा आणि देश आडवा ओलांडून एड्रिआटिकच्या बाजूला आब्रुझ्झो प्रांतात जा. पेस्कारापर्यंत साधारण तीन तास लागतात. तिथून दक्षिणेला ओर्तोना ते वास्तो हा जो पट्टा आहे त्याला कोस्ता देई त्राबोक्की म्हणतात. त्राबोक्को म्हणजे समुद्रात खांबांवर उभं केलेलं मासेमारीचं लाकडी मचाण. त्याच्या लांब काठ्यांना टांगलेलं जाळं रहाटाने खाली सोडतात आणि वर ओढतात. कोचीची चिनी जाळी पाहिली असतील तर लगेच ओळखाल. किनाऱ्याची जुनी रेल्वेलाइन २००५ मध्ये आत हलवली. तिच्या जागी आता सुमारे ४२ किलोमीटरचा सायकलचा आणि चालायचा रस्ता आहे, सपाट आणि समुद्राला चिकटून. माझी आई त्यावर रोज तासभर चालायची, तेव्हा ती ७१ वर्षांची होती.

आता त्या वाक्याबद्दल.

आईचे सख्खे धाकटे काका मराठा पलटणीत होते. त्यांना आम्ही धाकटे आबा म्हणतो, म्हणजे म्हणतो एवढंच, पाहिलं कोणीच नाही. आईचा जन्म त्यांच्या मागचा. घरात एवढंच माहीत होतं की ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत कुठल्याशा नदीकाठी लढताना गेले. त्यांचं इटली स्टार हे पदक आजोळी देव्हाऱ्यात असायचं आणि दसऱ्याला पुसून त्याला हळदकुंकू लागायचं.

२०१८ मध्ये आम्ही सहा जण इटलीला गेलो. मी, माझा नवरा, आई, ताई, दाजी आणि भाचा. निघण्यापूर्वी मी राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधलं होतं. सापडलं. सांग्रो नदी, नोव्हेंबर १९४३. मी म्हटलं दोन दिवस तिकडे जाऊ. रोमच्या हॉटेलात, नाश्त्याच्या टेबलावर दाजी म्हणाले, "सुट्टीत मसणवटे कसले बघायचे? भाडोत्री सैनिक होते ते. इंग्रजांचा पगार घेतला, इंग्रजांसाठी मेले. आपला काय संबंध?" आई समोर बसली होती. ती काही बोलली नाही, ताटलीतला पाव तिने तसाच ठेवला. ते तिघे अमाल्फीला गेले आणि आम्ही तिघं पेस्काराला.

तिथे काय घडलं होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय तो किनारा नुसता देखावा राहतो. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन तिच्यात होती. ती किनाऱ्याने वर सरकत गेली. आपेनिन डोंगरातून निघालेल्या नद्या तिथे एकामागून एक सरळ समुद्रात उतरतात. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. प्रत्येक नदीच्या पलीकडच्या कड्यावर जर्मन दबा धरून बसलेले. नोव्हेंबरात पाऊस लागला, सांग्रोला पूर आला आणि बांधलेले पूल वाहून गेले. पुढे मोरोवर तर अलीकडच्या काठाला पुलाचे सांगाडे वळवायला जागाच नव्हती, म्हणून भारतीय सॅपर्सनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या सैनिकांनी, सामान पलीकडे नेऊन शत्रूच्या बाजूने उलटा पूल बांधत आणला. आमचं आजोळ माणदेशात आहे. जिथली माणगंगा वर्षातले कितीतरी महिने कोरडी पडलेली असते, तिथला पोरगा पुराच्या नदीकाठी गेला. पगारासाठी गेला हे खरंच आहे. दुष्काळी गावातून पलटणीत जाणारा प्रत्येक जण पगारासाठीच जायचा आणि त्या मनीऑर्डरीवर घर चालायचं. दाजींच्या वडिलांनी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली. तीही पगारासाठीच ना?

तोरिनो दि सांग्रो या गावाच्या हद्दीत, टेकडीच्या उतारावर ती युद्धकबरींची जागा आहे. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी गाडीने सोडलं. वाटेत त्या म्हणाल्या, "चिमितेरो इंग्लेझे." मी आईला अर्थ सांगितला, इंग्रजांची स्मशानभूमी. आई म्हणाली, "इंग्रजांची? मग आपली कुठं गं?"

आपलीही तिथेच आहेत. अडीच हजारांहून जास्त कबरी आहेत आणि त्याच आवारात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, त्यावर पाचशेहून जास्त नावं. धाकट्या आबांचं नाव इंग्रजीत आणि स्पेलिंग भलतंच, पण तेच. आईने त्यावरून बोट फिरवलं. मग मी तिथल्या कप्प्यात ठेवलेली सैनिकांची नोंदवही काढली. त्यात नावापुढे वडिलांचं नाव, गाव, सातारा, आणि पुढे कोणाचे पती ते. मी काकीचं नाव वाचलं. आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. ही काकी १९८७ पर्यंत जगली, तिच्याच घरात आई लहानाची मोठी झाली. आई म्हणाली, "काकीचं नाव रेशनकार्डावर धड लागलं नव्हतं गं. आणि इथं छापलंय." ती तिथे गवतावर बसून राहिली. आम्ही दोन तासांनी निघालो.

आदल्या संध्याकाळी वास्तोच्या वाळूत एक माणूस बादलीत ओल्या खोबऱ्याच्या चकत्या घेऊन "कोक्को बेल्लो!" ओरडत फिरत होता. आईने चार चकत्या घेतल्या, रुमालात बांधल्या आणि सकाळी त्या नावाखाली ठेवल्या. हळदकुंकू तिने घरूनच आणलं होतं, मला न सांगता.

बाकी इतिहास हवा असेल तर भरपूर आहे. ओर्तोनाच्या चर्चमध्ये संत थॉमसच्या अस्थी आहेत, तोच थॉमस जो केरळात आला असं मानतात. १२५८ मध्ये ओर्तोनाच्या खलाशांनी त्या किऑस बेटावरून आणल्या. डिसेंबर १९४३ मध्ये कॅनडाच्या सैन्याने हे गाव घराघरातून लढून घेतलं. फोस्साचेझियाजवळ टेकडीवर सान जोव्हान्नी इन व्हेनेरे नावाचा मठ आहे, आताची इमारत बाराव्या शतकातली, पण नावात रोमन देवी व्हीनस अजून शिल्लक आहे. तिथून संध्याकाळी समुद्र बघा. वास्तोत १९५६ साली दरड कोसळून गावाचा एक भागच गेला. तिथल्या एका चर्चचा फक्त दर्शनी दरवाजा उभा आहे आणि त्यातून मागे निळं पाणी दिसतं.

खाण्याबद्दल तुमची काळजी बरोबर आहे, पण उपाय आहे. आई माळकरी आहे, अंडंही खात नाही. तिथे सान्ये नावाचा पास्ता असतो, नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. तो हरभऱ्याच्या रश्श्यात शिजवतात, सान्ये ए चेची म्हणायचं. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "या तर आपल्या चकोल्या." पुढचे चार दिवस ती तेच जेवली. कितार्रा नावाच्या पास्त्यात अंडं असतं, तो टाळा. पाल्लोत्ते काचे ए ओवे म्हणजे पाव-चीजचे कोफ्ते, त्यातही अंडं असतं, पण अंडं चालणाऱ्यांनी सोडू नयेत. मासे खाणाऱ्यांनी वास्तोचं ब्रोदेत्तो खावं. मातीच्या भांड्यात अख्खे मासे टोमॅटोत शिजवतात आणि मासे मोडू नयेत म्हणून डाव न घालता भांडंच हलवतात. मटणाच्या छोट्या काड्या, आर्रोस्तिचीनी, माझ्या नवऱ्याने मोजण्यापलीकडे खाल्ल्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पेकोरीनो चीजमध्ये बहुतेक वेळा जनावराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं विरजण असतं, आईवडील कडक असतील तर चीज नको म्हणून सांगा. त्राबोक्कोवरची जेवणं महाग असतात, आधी जागा राखावी लागते आणि मेनू सगळा माशांचा. इंग्रजी फार कमी लोक बोलतात. फोस्साचेझिया-तोरिनो दि सांग्रो स्टेशनवर लोकल गाड्या थांबतात, पण स्मशानभूमी तिथून लांब आणि चढावर आहे, आईवडिलांसोबत गाडीच करा.

आणि दाजी, तुम्ही या साइटवर आहात हे मला माहीत आहे. दर दिवाळीला तुम्ही अमाल्फीचे फोटो बाहेर काढता आणि "तुम्ही मसणात गेलात" म्हणता. उम्ब्रियात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. १९४४ मध्ये तिथल्या लढाईत पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये त्या गावात सूर्यघड्याळ उभारलं गेलं. घाडगे रायगडचे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. तिथल्या लोकांना संबंध वाटला. तुम्ही आईची माफी मागा, ती अजून वाट बघतेय.

प्रश्न विचारणाऱ्यांना शेवटचं. तुमच्या घराण्यात कोणी पलटणीत होतं का, हे जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. असेल तर आयोगाच्या यादीत नाव चार-पाच स्पेलिंगांनी घालून बघा, आम्हाला तिसऱ्या खेपेला सापडलं. हळदकुंकू घरून न्या. खोबरं वास्तोच्या वाळूत मिळतं.