'जायचो' की 'गेलो'? फ्रेंच भूतकाळाचा घोळ

प्रश्न : फ्रेंचमधल्या दोन भूतकाळांपैकी 'पासे काँपोझे' कुठं आणि 'आंपार्फे' कुठं वापरायचा? शिवाय पहिल्यात साहाय्यक क्रियापद 'आव्वार' (जवळ असणं) लावायचं की 'एत्र' (असणं), हेही दर वेळी चुकतं.
– विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आधी इंग्रजीतून विचार करणं सोडा. तिथं 'आय वेंट' दोन्हीकडं खपतं, म्हणून घोळ होतो. मराठीत हा फरक आयताच आहे. 'लहानपणी आम्ही औंढ्याला जायचो' किंवा 'जात होतो' म्हटलं की आंपार्फे : 'नू झालियों'. 'गेल्या वर्षी तीनदा गेलो' म्हटलं की पासे काँपोझे : 'नू सोम आले'. तीनदा घडलं खरं, पण आकडा घातला की हिशेब मिटला. 'जात होतो'मधल्या 'होतो'साठी मात्र वेगळा शब्द शोधू नका. फ्रेंचमध्ये तो क्रियापदातच मुरलेला असतो.

आंपार्फे करायला वर्तमानकाळातलं 'नू'चं (आम्ही) रूप घ्या, शेवटचा 'ओं' काढा आणि तिथं आंपार्फेचा प्रत्यय लावा. 'नू फिनिसों'वरून (आम्ही संपवतो) 'फिनिस' उरतं, त्याचं 'झ फिनिसे' (मी संपवायचो). 'एत्र' तेवढं अपवाद : 'झेते' (मी होतो).

आता आव्वार-एत्र. वाक्य 'ती' घालून म्हणून पाहा. 'तिनं' म्हणावं लागलं तर आव्वार : तिनं खाल्लं, 'एल आ मांझे'. ती गेली, आली, पडली, राहिली, इथं एत्र. ('मी' घालून तपासू नका. आपल्याकडं 'मी काम केलो' सर्रास म्हणतात, त्यात काहीच कळत नाही.) 'सॉर्तीर' या एकाच क्रियापदाचं पाहा : 'ती बाहेर पडली'ला एत्र, पण 'तिनं कचरा बाहेर काढला'ला आव्वार. कसोटी फसते ती 'ती झोपली', 'ती धावली' इथं; दोन्हींना आव्वारच लागतं. म्हणून एत्रवाली मोजकी क्रियापदं पाठच करा. 'स' (स्वतःला) जोडलेली क्रियापदं सगळी एत्रचीच.

'ती गेली' लिहिताना फ्रेंच 'आले'च्या शेवटी 'e' हे एक अक्षर जास्त येतं. उच्चार बदलत नाही, त्यामुळं नेमकं तेच अक्षर राहून जातं.

प्रश्न : 'मला गरम होतंय'साठी 'झ स्वी शो' लिहिलं. चूक का?
– वाचक, परभणी

उत्तर : भूक, तहान, थंडी, उकाडा, वय या गोष्टी फ्रेंच माणसाजवळ 'असतात', म्हणून आव्वार : 'झे शो' (मला गरम होतंय), 'झे फँ' (मला भूक लागली). तुमच्या वाक्याचा बोलीत भलताच, चावट अर्थही निघतो. परभणीतल्या मे महिन्याबद्दल बोलायचं तर 'इल फे शो'. जाता जाता, वरच्या भूतकाळाला जोडून : 'आत्ताच जेवलो'ला भूतकाळ नकोच : 'झ व्हियँ द मांझे', म्हणजे अक्षरशः 'जेवून येतोय'.