गावच्या कमानी नि वीरगळ नोंदवताय? इथून सुरू करा

बेळगाव भागातली गावं टिपायला निघालाय, फार बरं वाटलं. आधी एकच तालुका घ्या. खानापूर उत्तम.

वेशीवरची सिमेंटची कमान बहुधा अलीकडची. तिच्यावर कुणाला मान दिलाय ते पाहा आणि गावातल्या जाणत्यांना कारण विचारा. उदाहरणार्थ, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांचं गाव बैलहोंगल तालुक्यात, पण 1831 साली त्यांना फाशी दिलं ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. म्हणून दोन्ही गावं त्यांना आपलं मानतात.

खरा ठेवा म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो देवळाच्या आवारात, झाडाखाली उभा असतो. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. तळाशी गाई कोरल्या असतील तर तो गोधन राखताना पडलेला, हे बघताना मला आजही भरून येतं.

नवखे करतात त्या चुका:
- अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल लावणं. अजिबात नको, दगड खराब होतो. सकाळचं तिरपं ऊन पुरतं.
- फोटो काढला, पण दगड कुठं उभा आहे ते लिहिलं नाही.
- फलकावरचं गावाचं एकच नाव घेणं. मराठीत हलशी, कन्नडात हलसी, दोन्ही उतरवा.

शिलालेखांच्या लिपीचं नंतर बघू.