डबा बदलला तर एंडोमेट्रिओसिस टळतो का?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची. राहायला भांडुपला, नोकरी लोअर परळला. गेल्या वर्षी लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, एंडोमेट्रिओसिस निघाला. सासूबाई म्हणतात, "रोज स्टेशनवरचा वडापाव खायचा, मग दुसरं काय होणार!" इंटरनेटवर वाचून मी गहू, दूध, अंडी, मासे सगळं बंद केलं. वजन उतरलं, दुखणं जागच्या जागी. खरंच माझ्या खाण्यामुळे झालं का? धाकटी बहीण १९ वर्षांची आहे, तिचीही पाळी फार दुखते. तिचं खाणं आत्तापासून बदलू का?

उत्तर : आधी वडापाव निकालात काढू. त्याने हा आजार होत नाही, सासूबाईंना माझं नाव सांग. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा ओटीपोटात वाढतात. पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात बहुतेक जणींच्या जातं, आजार मात्र साधारण दहांतल्या एकीलाच होतो. आनुवंशिकता, इस्ट्रोजेन हे संप्रेरक, प्रतिकारशक्ती असं बरंच काही जुळून यावं लागतं.

खाण्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही. अमेरिकेत १९८९ साली नर्सेसचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या सुमारे ७० हजार जणींच्या खाण्याचा हिशेब २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मासळीतून मिळतं तसं ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्धाम्ल) सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात, सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा निदानाचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होतं. ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलातली चरबी) सर्वांत जास्त खाणाऱ्यांत ते ४८ टक्क्यांनी जास्त. आकडा ऐकून घाबरू नकोस. शंभरात दहा जणींना होत असेल तर तिथे पंधरा, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. याच नर्सेसच्या माहितीत रोज दोनपेक्षा जास्त वेळा लाल मांस खाणाऱ्यांचा धोकाही वाढलेला दिसला. आपल्याकडे रविवारचं मटण रविवारीच, त्यामुळे ती चिंता सोड. आणि कोबी-फ्लॉवर वर्गातल्या भाज्या जास्त खाणाऱ्यांतही धोका किंचित जास्त निघाला! म्हणून काय भाजीवालीकडे पाठ फिरवायची? अशा अभ्यासांवरून पथ्याची यादी करू नये, ती यासाठीच.

तू बंद केलेल्यांपैकी मासे मी सर्वांत आधी परत आणले असते. बांगडा आणि तारली, दोन्ही स्वस्त आणि ओमेगा-३ने भरलेले. पापलेटवर पैसे घालवायची गरज नाही. तव्यावर थोड्या तेलात भाज, नाहीतर तिरफळं घालून आमटी कर. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जवसाची चटणी चालेल. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं, शरीर त्यातलं थोडंच मासळीतल्यासारखं करून घेतं. दूध-अंडी बंद ठेवायला माझ्याकडे सबळ कारण नाही. उलट दुधाचे पदार्थ जास्त खाणाऱ्या नर्सेसमध्ये धोका थोडा कमीच दिसला. पोट फार फुगत असेल तर गहू किंवा दूध आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने काही आठवडे बाजूला ठेवून बघता येतं. फरक पडला नाही की परत सुरू. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे, अशा वेळी खाणं कापणं महागात पडतं.

ट्रान्स फॅटचं म्हणशील तर २०२२पासून आपल्याकडे वनस्पती तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे, त्यामुळे खारी-नानकटाई पूर्वीइतकी वाईट राहिलेली नाही. पण दिवसभर उकळणारं कढईतलं तेल मलाही नको वाटतं. वडापाव रोज नको, तो या आजारापेक्षा इतर कारणांसाठी.

आता बहीण. तिच्या डब्यापेक्षा तिची पाळी जास्त महत्त्वाची. सख्ख्या बहिणीला हा आजार असला की धोका वाढतो. "लग्न झालं की थांबेल" म्हणत बसू नका. कॉलेज बुडतं का, गोळी घेऊनही दुखतं का, शौचाला जाताना कळ येते का, हे तारखांसकट लिहून तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ने. तुझे लॅप्रोस्कोपीचे कागद सोबत असू देत. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून परत फिरू नका. या आजाराचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाहीत, आणि औषधं सुरू करायला प्रत्येक वेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असं नाही.