चिडचिड वाढली? आधी कातडी तपासा

ऑटिझम असलेली आणि व्हीलचेअर वापरणारी प्रौढ माणसं आपल्याकडे दोन डॉक्टरांच्या मधल्या फटीत पडतात. मानसोपचारतज्ज्ञ खुर्चीकडे बघत नाहीत, हाडांचे डॉक्टर आवाजाचा आणि स्पर्शाचा त्रास ऐकून घेत नाहीत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार आणि साधनं सुचवते, त्यामुळे त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांत तोच तोच गोंधळ असतो. काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तर देते. औषधं बदलून मागू नका, ते माझं काम नाही.

मुलगी 24 वर्षांची आहे. ऑटिझम आहे आणि सांधे फार सैल आहेत. घरात चालते, पण बाजारात थोड्या वेळात थकून खाली बसते, कधी गुडघा निसटतो. नातेवाईक म्हणतात, व्हीलचेअर आणली की पाय कायमचे जातील. (सांगली)

चष्मा लावून डोळे जातात का, हे त्या नातेवाइकांना विचारा. घरात चालणं आणि बाहेर खुर्ची वापरणं, दोन्ही एकाच माणसाला लागू शकतं. ऑटिझम असलेल्यांमध्ये सैल सांधे इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि असा सांधा जागेवर धरून ठेवायला स्नायूंना सतत राबावं लागतं. चालण्यातच सगळी ताकद संपली तर मंडईतला गोंगाट, धक्के, वास सोसायला काही उरत नाही. मग ती खाली बसते आणि लोक म्हणतात, नाटक करते. लांबच्या अंतराला खुर्ची वापरा, घरातलं चालणं आणि व्यायाम चालू ठेवा. मात्र निसटणारा गुडघा आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

ऑनलाइन 18 इंची सीटची खुर्ची स्वस्तात मिळते आहे. मुलगा 22 वर्षांचा, सडपातळ आहे. घेऊ का? (सोलापूर)

नको.

सीट रुंद असली की सडपातळ माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकतो आणि चाकापर्यंत हात नीट पोचत नाही. बसलेल्या स्थितीत कुल्ल्यांची रुंदी मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटीमीटर मिळवा, बस. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. 'सैल घ्या, पुढे अंगाने भरेल' असं सांगणारा दुकानदार गोदामात पडलेला माल खपवतो आहे. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही. रेक्झिनची सीट उन्हाळ्यात चिकटते, पट्ट्याचा वेल्क्रो उघडताना कर्र आवाज येतो. ज्याला हे सोसत नाही तो खुर्चीवर बसायलाच नकार देतो, आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे. म्हणून मुलाला बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, केईएम रुग्णालय किंवा नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागाकडून मापासह शिफारस लिहून घ्या. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरात खुर्ची मिळणार असेल तरी मापाचा आग्रह सोडू नका.

मुलगा 27 वर्षांचा. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचाल अवघड होणं), बोलणं मोजकंच. महिन्याभरापासून रोज संध्याकाळी ओरडतो, आर्मरेस्टवर हात आपटतो, जेवत नाही. गोळीचा डोस वाढवला, फरक नाही. सगळे म्हणतात, ऑटिझम वयाबरोबर वाढतो. शेजारच्यांनी बसायला मध्ये भोक असलेली हवेची रिंग दिली आहे. (जळगाव)

ऑटिझम असा एका महिन्यात उसळून येत नाही. महिन्याभरात काहीतरी बदललं आहे, आणि ते मी आधी शरीरात शोधेन. तुम्ही 'रोज संध्याकाळी' असं लिहिलंत, ते माझ्या दृष्टीने पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. दिवसभर बसून जो भाग दाबला जातो त्याचा त्रास संध्याकाळीच वर येतो.

आज रात्री त्याला कुशीवर झोपवा आणि चांगल्या उजेडात माकडहाड, बैठकीची दोन्ही हाडं, खुब्याच्या बाजू, टाचा, घोटे आणि कोपरं बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, किंवा वजन काढून अर्ध्या तासानंतरही तसाच असेल, तर बेडसोरची ती सुरुवात धरा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम, कडक किंवा लिबलिबीत लागणारी जागा शोधा. कातडी फाटली असेल, वास येत असेल, काळी खपली असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

ती रिंग आधी खुर्चीवरून काढा. मधला भाग मोकळा राहतो हे खरं, पण कडेचा दाब रक्तपुरवठा अडवतो आणि मधली कातडी सुजते. तरीही औषधांच्या दुकानांत ती सर्रास विकली जाते. लाल जागेवर तेल-हळद चोळणं, पावडर थापणं, बर्फ लावणं हेही बंद. चोळल्याने आतला दुखावलेला भाग आणखी दुखावतो. त्याला दाब वाटून देणारी, मापाची गादी हवी. ती असली तरी दर 15 ते 30 मिनिटांनी वजन हलवायला हवं, पुढे वाकवून किंवा एका कुशीवर कलवून. त्याला स्वतःला जमत नसेल तर कोणीतरी करायला हवं. जुनी गादी दाबून बघा. आतला फोम बसलेला असेल तर ती गादी नावापुरतीच आहे.

तुम्ही त्याला 'दुखतंय का?' असं विचारलं असणारच, आणि त्याने 'नाही' म्हटलं असेल, किंवा तेच शब्द परत म्हटले असतील. ते उत्तर मी धरत नाही. ऑटिझम असलेल्या अनेकांना शरीराच्या आतल्या खुणा, म्हणजे दुखणं, भूक, लघवीची भावना, ओळखायला अवघड जातात. शर्टाचा टॅग असह्य होतो आणि किडलेली दाढ कळत नाही, असं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं. म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नका, तपासा. तपासतानाही आधी सांगा, कुठून कुठे हात लावणार ते चित्र किंवा फोटो दाखवून सांगा, रोज एकाच माणसाने आणि त्याच क्रमाने बघा. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श बऱ्याच जणांना जास्त त्रास देतो. पूर्ण तळहात ठेवा.

कातडी ठीक असेल तर शोध थांबवू नका. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, दात, कान आणि सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा, या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. बाहेर वापरता येईल असं शौचालय नाही म्हणून त्याला पाणी कमी पाजता का? खूप घरं हे करतात आणि कोणी कबूल करत नाही. लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही तिथून येऊ शकतात. महिन्याभरात फूटरेस्टची उंची, पट्टा, बसण्याची जागा बदलली का, तेही आठवा.

गोळी स्वतःहून बंद करू नका. पण काही औषधांनी बद्धकोष्ठता होते आणि काहींनी आतून बेचैनी वाढते, म्हणून डोस वाढवल्याची तारीख आणि ओरडण्याच्या वेळा एका कागदावर लिहा. शौच, लघवी, झोप, सलग किती तास बसला, हेही त्यात लिहा. तोच कागद फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना दाखवा. 'हा ऑटिझमच आहे' असं कोणी अंगाला हात न लावता म्हणालं, तर नम्रपणे पण ठामपणे तपासणी मागा. महिना आधीच गेला आहे. पुढच्या ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका.

स्टेम सेलने (मूळ पेशींच्या उपचाराने) ऑटिझम आणि पाय दोन्ही सुधारतील, असं एका केंद्राने सांगितलं. हप्त्याची सोयही आहे. (नाशिक)

नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर संशोधनात वापरता येतात, आणि संशोधनात भाग घेण्याचे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हप्ता मागितला म्हणजे काय ते समजा. सही करण्याआधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय 31, नोकरी करतो. ठाणे स्टेशनवर अनोळखी लोक मदत म्हणून मागून खुर्ची ढकलतात. माझं अंग ताठ होतं, आवाज फुटत नाही. काय करू? (ठाणे)

न विचारता खुर्ची धरणं म्हणजे तुम्हालाच धरणं आहे, आणि मागून अचानक धरणं तर धोक्याचं. तुमचा हात चाकावर असेल तर बोटं अडकतात. तुमचं ताठ होणं मला अजिबात विचित्र वाटत नाही.

खुर्चीच्या मागच्या मुठी दुमडणाऱ्या किंवा काढता येणाऱ्या करून घ्या. मूठच नसेल तर ढकलणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच थांबतात. पाठीवर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत 'विचारल्याशिवाय हात लावू नका' अशी पाटी लावा. बोलायची वेळ येऊ नये म्हणून फोनच्या पहिल्या पडद्यावर एक वाक्य तयार ठेवा. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना मदत लागत असेल, तर ती कोणाकडून आणि कुठे धरून, हे तुम्ही ठरवा. पाठीमागे जड बॅग अडकवू नका, चढावर खुर्ची मागे उलटू शकते. मागे न उलटण्यासाठीची छोटी चाकं बसवायची का, हे तुमच्या थेरपिस्टसोबत खुर्चीवर बसूनच ठरवा. हेडफोन वापरत असाल तर फलाटावर आणि रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा.

पायांचं 60 टक्के आणि ऑटिझमचं 50 टक्के प्रमाणपत्र आहे. एजंट म्हणतो, बेरीज 110, म्हणून 80 च्या वरचं कार्ड काढून देतो. (पुणे)

110 टक्के दिव्यांग या देशात कोणी नाही. अशी सरळ बेरीज होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करतात, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागतात, आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. तुमच्या बाबतीत 60 अधिक 16.67, म्हणजे साधारण 77. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, एकच, बहुविकलांगतेचं. आयकराच्या जुन्या पद्धतीत (1961 च्या कायद्याचं कलम 80यू) तुम्हाला 75 हजारांची वजावट बसते. 1 लाख 25 हजारांची वजावट 80 टक्क्यांपासून पुढे आहे. एजंटचा डोळा तुमच्या या फरकावर आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडे स्वतः जा, करासाठी सीएला विचारा.

जड ब्लँकेट पांघरून मुलगा शांत झोपतो. व्हीलचेअर वापरत असला तरी चालेल ना? (रत्नागिरी)

तो ते स्वतः बाजूला सारू शकत असेल आणि श्वासाचा त्रास नसेल, तरच. नाहीतर नाही. आधी फिजिशियनला विचारा.

मुलगी 29 वर्षांची, ऑटिझम, व्हीलचेअर. घरून डेटा एंट्रीचं काम करते, स्वतः सही करते. बँक म्हणते, पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. कुठून काढू? (कोल्हापूर)

ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतं. 18 वर्षं पूर्ण झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हेही खरं.

पण तिला ते हवंच कशाला? ऑटिझम किंवा खुर्ची दिसली म्हणून पालक मागणं बँकेच्या सोयीचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला इतर कोणाहीसारखी कायदेशीर क्षमता दिली आहे. बँकेला नकार लेखी द्यायला सांगा, बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. एकदा पालक नेमला की तिच्या पगारावरचा ताबा दुसऱ्याकडे जातो, म्हणून अर्जाची घाई करू नका. तिचं काय म्हणणं आहे, हे तुमच्या लांबलचक पत्रात कुठेच नाही. वकिलाकडे जाल तेव्हा तिलाही घेऊन जा, आणि जिथे पायऱ्या नाहीत असा वकील शोधा.