टर्बो नवा टाकला, तरी बॉनेटखालून धूर

प्रश्न : नमस्कार. माझ्या डिझेल गाडीचा टर्बो गेला म्हणून साताऱ्यातल्याच एका गॅरेजात गेल्या आठवड्यात नवीन बसवून घेतला. तेव्हापासून गाडी गरम झाली की बॉनेटखालून, इंजिनच्या मागच्या बाजूनं निळसर धूर येतोय. सायलेन्सरमधून काही नाही, पिकअपपण मस्त आहे. मेकॅनिक म्हणतो सांडलेलं ऑइल जळतंय, आपोआप बंद होईल. पण काल यवतेश्वरचा घाट चढून वर थांबलो तर धूर आधीपेक्षा जास्त, आणि डिपस्टिकवर ऑइलपण खाली गेलंय. रोज कराडला जायचं असतं, गाडी चालवू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नका चालवू. लीक सापडेपर्यंत घाटात आणि हायवेला तर अजिबात नको.

तुमचा मेकॅनिक सांगतोय तसं होतं, नाही असं नाही. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनला जास्त हवा देणारा पंखा. त्याचे पाईप सोडले की ऑइल मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) आणि हीट शील्डच्या (उष्णता अडवणारा पत्रा) आत सांडतंच, आणि गाडी पहिल्यांदा चांगली तापली की ते जळतं. पण तो धूर दर वेळी कमी कमी होत जातो, तुमचा वाढतोय. नवीन ऑइल फिल्टर टाकला असेल तर तो भरताना लेव्हल एकदा जराशी उतरते, पण त्यानंतरही उतरत असेल तर ऑइल बाहेर येतंय हे नक्की धरा. आणि चढाला टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू सहाशे-सातशे अंशापर्यंत तापते, त्यावर ऑइल टपकत राहिलं तर ते नुसतं धुरावर थांबेलच असं नाही, पेटू शकतं, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

सायलेन्सर स्वच्छ आहे आणि पिकअप आहे, म्हणजे टर्बोच्या आतून ऑइल जात नसावं. मग संशय बाहेरच्या जोडांवर. पहिला जोड वरचा, टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक फीड पाईपचा. त्याच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात, एकदा दाबले गेले की चपटे होतात आणि तेच परत घातले की झिरपायला लागतं, वीस-तीस रुपयांची वस्तू पण हीच जास्त वेळा वाचवली जाते. दुसरा खालचा जाड रिटर्न पाईप. फीडमध्ये ऑइल प्रेशरनं येतं पण टर्बोतून परत इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये ते फक्त उतारानं जातं, त्यामुळे तिथं गॅस्केटऐवजी (जोडात बसणारं पॅकिंग) सिलिकॉन थापलं आणि ते आत फुगून भोक अरुंद झालं तर ऑइल तुंबतं, आधी जोडातून बाहेर येतं आणि पुढं टर्बोच्या सीलमधूनपण जायला लागतं. नवा टर्बो असा महिनाभरात जाऊ शकतो.

शोधायचं कसं, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हीट शील्ड काढायला सांगा, सगळे जोड ब्रेक क्लीनरनं धुवून कोरडे करा आणि दोन्ही पाईपांच्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मग गाडी जागेवरच पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्चनं बघा. जिथून ऑइल येतंय तिथं पांढऱ्या पावडरीत काळपट ओली रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक बघायचं, कारण ऑइल खाली ओघळतं आणि माणूस भलताच जोड आवळत बसतो. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटपण तेव्हाच बघून घ्या, ते गळलं तरी धूर तिथूनच आल्यासारखा दिसतो.

ऑइल कुठंच दिसलं नाही तर संशय टर्बो आणि मॅनिफोल्डमधल्या गॅस्केटवर. थंड गाडी स्टार्ट केल्यावर फट-फट आवाज येतो आणि जोडाभोवती कोरडी काजळी धरते. तेव्हा धुराचा वास तेलकट नसतो, सायलेन्सरमागं उभं राहिल्यासारखा असतो. हा गॅस एसीतून केबिनमध्ये आला तर झोप येते, डोकं दुखतं, लहान मुलं बसवूच नका. पांढरी वाफ आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी, गळतंय.

एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून विचारा, जुना टर्बो गेला तेव्हा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) काढून साफ केला का. त्यात ऑइल साठलेलं राहिलं तर डिझेल इंजिन ते ओढून चावी बंद केली तरी रेस होत सुटतं. तसं झालंच तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

कामाला गाडी द्याल तेव्हा नवे वॉशर, रिटर्नचं नवं गॅस्केट स्वतः घेऊन जा आणि जुने काढलेले परत मागून घ्या.