पेडेस्टलमधले (कॉलमखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यातले) 4 पैकी 2 फाउंडेशन बोल्ट 20 मिमी सरकलेत, काँक्रीट झालंय. बोल्ट वाकवून बेसप्लेट (कॉलमच्या तळाची पोलादी प्लेट) बसवू का?

नाही, बोल्ट वाकवू नका. बेसप्लेटचं भोक लांबट करा आणि वर जाड प्लेट वॉशर (नटखालचा भोकाचा पोलादी तुकडा) टाका. हातोडा मारून किंवा गॅसने तापवून वाकवलेला बोल्ट ओढ आली की आधी सरळ व्हायला बघतो, त्यात कडेचं काँक्रीट फुटतं. 8.8 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट तापवला तर उष्णतेवर कमावलेली त्याची ताकदच जाते. साइटवर सर्रास हेच केलं जातं आणि वरून ग्राउट (प्लेटखाली भरायचं पातळ सिमेंट मिश्रण) ओतलं की कुणाला दिसत नाही, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

प्लेट वॉशर भोक सगळीकडून झाकेल एवढा मोठा घ्या. त्याचं भोक मात्र बोल्टपेक्षा जेमतेम 2 मिमी मोठं. आडवा जोर बोल्टवरच येणार असेल तर वॉशर बेसप्लेटला वेल्ड करा, बोल्टला नाही. भोक वाढवताना प्लेटची कड किंवा स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणारी उभी पट्टी) जवळ येत असेल, तर नव्या मापाची बेसप्लेट बनवणंच बरं. सरक याहून जास्त असेल तर जुना बोल्ट कापून शेजारी केमिकल अँकर (काँक्रीटमध्ये भोक पाडून रेझिनने चिकटवलेला बोल्ट), पण पेडेस्टलची सळई आणि कडेचं अंतर तपासूनच.

हे सगळं डिझाइनरच्या लेखी मंजुरीनंतर. हलक्या पत्र्याच्या शेडमध्ये तर वारा कॉलमला वर उचलतो, आणि ती ओढ हेच बोल्ट धरतात. तिथे प्लेट आणि वॉशरची जाडी हिशेब करूनच ठरवावी लागते.